नवसाचा भाऊ आणि आपोआप आलेली मी

आमच्या घरी दोन लेकरं होती. एक नवसाचं आणि एक मी. हे वाक्य लहानपणी मी मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलंय की आज लिहिताना ते शोधावं लागलं नाही. पिराजी माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. माझ्यानंतरचं एक लेकरू पाळण्यातच गेलं, तेव्हा मायनं गावच्या पिराला साकडं घातलं, ओल्या लुगड्यानं त्याच्या ओट्याभोवती फेऱ्या मारल्या, आणि मुलगा झाला तर त्याला दर मोहरमला फकीर करीन असं बोलली. मुलगा झाला. पिरानं दिला म्हणून पिराजी. आमच्या औराद भागात अशी नावं घरोघरी होती, पिराजी, फकिरा, हुसेनप्पा, आणि त्यांच्या घरी देव्हाऱ्यात खंडोबा असायचा. त्यात कोणाला काही वावगं दिसत नसे. माझं नाव गोदावरी. अण्णांची, म्हणजे वडिलांची, एक चुलती वारली होती, तिचं नाव रिकामं पडलं होतं, ते मला दिलं.

गाव नुकतंच म्हैसूर राज्यात गेलं होतं असं मोठी माणसं म्हणत. आम्हाला ते कुठं गेलेलं दिसत नव्हतं, होतं तिथंच होतं. घरात मराठी, औरादच्या बाजारात कानडी, पिराच्या ओट्याचं बघणाऱ्या मुजावराशी त्याची दखनी आणि बांगड्या घेऊन येणाऱ्या बाईशी मोडकीतोडकी तेलुगू, असं सगळं एका दिवसात बोलून व्हायचं. आमचं घर धाब्याचं, दोन खणांचं. पुढच्या खणात अण्णांची खाट आणि एक हरिकेन कंदील, मागच्या खणात चूल, उतरंड, आणि चुलीच्या उजव्या अंगाला मायची बसायची जागा. त्या जागेच्या शेजारी एक लहानसा पाट होता. तो पिराजीचा. भाकरी टाकताना तव्यावरची पहिली भाकरी त्या पाटाकडं जायची. दुसरी अण्णांना. मग मला. जेवायला कमी पडायचं असं मुळीच नाही. तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर तेल, आमच्याकडं खाऊन-पिऊन बरं होतं. पण पहिल्या भाकरीचा पापुद्रा वेगळाच असतो अशी माझी खात्री होती. तिसरी भाकरी खाणाऱ्याला पहिल्या भाकरीबद्दल पुष्कळ काही ठाऊक असतं.

मोहरम आला की माझ्या अंगाचा भडका व्हायचा. आमच्या बाकीच्या सणांसारखा हा सण एका ऋतूत बसून राहत नाही, कधी पेरणीत येतो, कधी रबीच्या काढणीत. आला की पिराच्या ओट्यासमोर आलाव्याचा खड्डा खणला जाई, त्यात लाकडं पेटत, आणि संध्याकाळ झाली की त्याच्याभोवती हलगीवर सगळं गाव नाचे. गाणी अर्धी कानडी, अर्धी मराठी. मुजावर महताबचाचा चांदीचे पंजे घासूनपुसून रेशमी कापडात बांधून ओट्यावर मांडत. घरोघर चोंगे तळले जात. गव्हाच्या पिठाचे, लाकडी साच्यावर दाबून नक्षी उठवलेले, वर गूळ आणि खसखस. तो तळणाचा वास आणि उदाचा वास एकत्र आला की मला आजही पोटात काहीतरी टोचतं. ती भूक नव्हे. त्या वासाबरोबर पिराजी फकीर व्हायचा.

फकीर व्हायचं म्हणजे काय, तर माय त्याला न्हाऊ घालून हिरवा सदरा चढवायची, डोक्याला हिरवं फडकं, खांद्याला झोळी, आणि गळ्यात पिराच्या नावाचा दोरा, म्हणजे नाडा. नाडा बांधताना ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायची. ते काय, हे मी किती वर्षं ऐकायचा प्रयत्न केला. नाडा बांधला की फकिरीचे नेम सुरू. पायात चप्पल नाही, खाटेवर निजायचं नाही, आणि नाडा उतरेपर्यंत गावची शीव ओलांडायची नाही, मग घरात कोणाचं काहीही होवो. त्यातल्या एका सकाळी ठरलेल्या पाच घरी झोळी घेऊन उभं राहायचं. प्रत्येक दारात विचारत, कोणाच्या नावानं? झोळीवाल्यानं नाव सांगायचं, मग पीठ आणि गूळ झोळीत पडायचा. त्या पाच घरच्या पिठाच्या चपात्या लाटून, कुस्करून, गूळ घालून मलिदा. मलिद्याचा पहिला घास, ज्याच्या नावानं मागितलं त्याचा. राहिलेला सगळ्यांचा, म्हणजे माझा.

आणि माय त्या दिवसांत त्याच्याशी बोलायची कशी! “फकीरबुवा, पाणी घ्या.” “फकीरबुवा, पाय दुखायलेत काय?” सगळी गल्ली त्याच्या पाया पडायची. शेंबूड पुसता न येणारं ते पोर गंभीर तोंड करून आशीर्वाद द्यायचं. एकदा त्यानं मलाही डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. मायनं माझ्या दंडाला काढला, तो जास्त लागला.

अण्णा या सगळ्याला हसत. गावात वर्तमानपत्र मागवणारे ते एकटेच. उदगीरहून येणाऱ्या मोटारीनं ते एक दिवस शिळं होऊन यायचं आणि अण्णा ते खाटेवर बसून ताजं असल्यासारखं वाचायचे. देव, पीर, भगत, सगळ्यांवर त्यांचा सारखाच राग. “पीर काय पोस्टमन हाय काय, ज्याच्या नावाचं त्याला वाटायला?” असं ते मायला ऐकू जाईल असं म्हणायचे. माय ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मला अण्णांचं म्हणणं पटत नव्हतं. पीर पोस्टमनच आहे याबद्दल मला शंका नव्हती. माझ्या नावाचं टपाल कोणी टाकतच नाही, हे माझं दुखणं होतं.

मग एका उन्हाळ्यात मोहरम आला आणि पिराजीला गोवर निघाला. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, ताप. माय त्याच्या उशाशी कडुलिंबाचा डहाळा घेऊन बसून होती, जेवायलासुद्धा उठायची नाही. शेजारची बाई आमच्या भाकरी टाकून देई. मी पाणी भरलं, म्हैस पाजली, केर काढला. माझ्याकडं बघायला कोणाला सवड नव्हती. झोळीचा दिवस जवळ आला तशी माय रडायला लागली. नवस मध्येच मोडला तर पीर दिलेलं परत नेईल, ही तिची भीती. अण्णा म्हणाले, “लेकराला तापात उन्हातान्हात काढशील तर पिराच्या आधी मीच तुला घराबाहेर काढीन.” शेवटी तिनं महताबचाचांना बोलावलं. चाचा उंबऱ्यात बसले, दाढी खाजवली, पोराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“येकीच खून है ना?” ते म्हणाले. “बहन फिरी तो भी चलता. झोली रुकना नक्को.”

मला आठवतंय, मी चुलीजवळ लाकडं मोडत होते आणि माझ्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. मायनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं. “गोदे,” ती म्हणाली, “जाशील काय?”

जाशील काय म्हणे! दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी न्हाणीत जाऊन बसले. मायनं मला न्हाऊ घातलं. माझं न्हाणं माझं मी करायला लागून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं तिचा हात पाठीवरून फिरला तेव्हा मला गुदगुल्याही झाल्या आणि रडूही आलं. पिराजीचा हिरवा सदरा मला दंडात दाटला, बगलेत टराटर उसवला, तरी मी हूं की चूं केलं नाही. मायनं डोक्याला फडकं गुंडाळलं. झोळी अडकवली. “फकीरबुवा,” असं ती म्हणेल म्हणून मी थांबले होते. ती म्हणाली नाही, पण नाडा हातात घेऊन ती वाकली आणि तिचं तोंड माझ्या कानाशी आलं. तिच्या तोंडाला चुन्याचा वास होता. इतकी वर्षं जे ऐकायला मी जीव टाकत होते ते आता माझ्याच कानात पडणार होतं.

“पिराजीला ठेव बाबा, माझ्या पिराजीला ठेव,” ती म्हणाली.

म्हणजे कान तेवढा माझा. एवढं होऊनही मी निघाले, आणि खरं सांगायचं तर मिरवत निघाले. ऊन तापायला लागलं होतं, फुफाट्यात तळपाय भाजत होते, पण गल्लीतल्या बायका दारात येऊन पाया पडत होत्या आणि मी पिराजीहून दुप्पट गंभीर तोंड करून त्यांना आशीर्वाद देत होते. पाटलाचं घर झालं, चाचांचं झालं, तेल्याचं झालं, जंगमाचं झालं. प्रत्येक दारात विचारलं, कोणाच्या नावानं? प्रत्येक दारात मी सांगितलं, पिराजीच्या. चार दारांत चार वेळा ते नाव घेऊन माझी जीभ कडू झाली.

पाचवं घर धुरपाक्काचं. हे घर गावाच्या खालच्या अंगाला होतं. धुरपाक्का आणि तिच्या भावकीनं काही वर्षांपूर्वी बुद्धाचा धम्म घेतला होता, देव्हारा काढला होता, आणि त्या जागी बुद्धाची तसबीर लावली होती. त्याआधी आलाव्यावर तिच्या नवऱ्याची हलगी असायची. तीही त्यांनी सोडली होती, गावानं सांगितलं की वाजवायची, हे आता नको म्हणून. तरी मायच्या नवसाच्या पाच घरांत पहिल्यापासून तिचं घर होतं आणि माय ते बदलायला तयार नव्हती. धुरपाक्कानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसली.

“अगं बया, यंदा फकीर बदललाय की! आत ये, पाय पोळायलेत तुझे.” तिनं मला सावलीत बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. “तुझ्या मायला म्हाईत हाय, आम्ही आता पीर-देव काही मानत न्हाई. पण दारात आलेल्या लेकराला रिकामं लावून देणं आमच्यात बसत न्हाई.” मग तिनं पिठाचं सूप आणलं आणि सवयीनं विचारलं, “कोणाच्या नावानं?”

“पिराजीच्या.”

“ते ठावं हाय. मंग तुझ्या नावानं कोण मागायलंय?”

मी म्हटलं, “कोणीच न्हाई.” आणि मला जे रडू फुटलं, ते आवरेना. पिराजीच्या सदऱ्याच्या बाहीला नाक पुसत मी रडले.  धुरपाक्कानं झोळीत पीठ घातलं, गूळ घातला, आणि मग आत जाऊन गुळाचा आणखी एक खडा आणला, माझी मूठ उघडून त्यात ठेवला आणि मूठ बंद केली. “हा तुझ्या नावाचा,” ती म्हणाली. “पिराबिराचा न्हाई, माझ्याकडून.”

घरापर्यंत मी ती मूठ उघडली नाही. गूळ वितळून बोटांच्या बेचक्यांत आला होता, माशा बसत होत्या, तरी नाही. माय चपात्यांसाठी परात-पोळपाट मांडून वाट बघत बसलेली होती. झोळी तिच्यापुढं ठेवली. तिनं पीठ वेगळं केलं, गूळ वेगळा केला. मग तिचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं.

“मुठीत काय हाय?”

“माझं हाय.”

“तुझं कसलं? झोळीच्या दिवशी मिळालेलं समदं पिराचं असतंय. आण इकडं.”

“धुरपाक्कानं माझ्या नावानं दिलाय. पिराजीच्या न्हाई.”

माय उठली. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती, हे मला आज कळतं. नवसात कुठं काही कमी पडू नये एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं माझी बोटं एकेक करून उघडली, गूळ काढून घेतला आणि परातीत टाकला. मी किंचाळले. अण्णा बाहेरून आत आले. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. मी हिरव्या फडक्यात, गळ्यात नाडा, गुळानं माखलेला हात पसरून मायला विचारत होते, “तू माझ्यासाठी कामून नवस केला न्हाईस? मी तुझ्या पोटची न्हाई काय?”

माय गोंधळली. हा प्रश्न तिला खरोखरच कधी पडला नव्हता. चपात्या होईपर्यंत मी तेच विचारत राहिले, तेव्हा कुठं चपाती कुस्करता कुस्करता ती म्हणाली, “तुझ्यासाठी कशाला गं? तू तर आपोआप आलीस.”

मग ती मलिद्याचा पहिला घास घेऊन पिराजीच्या अंथरुणाशी गेली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि घास तोंडात घातला. त्यानं तो क्षणभर तोंडात धरला आणि थुंकला. तापात त्याला गोड नकोसं झालं होतं. माझ्या नावाचा गूळ त्या गोधडीवर पडला. मायनं तो पदरानं टिपून घेतला.

पिराजी बरा झाला. गोवर जातोच, तसा तो गेला. माय म्हणाली, पिरानं राखलं. अण्णा म्हणाले, गोवर आपसूक उतरतो. त्या मोहरमनंतर ओट्यावरून जाताना मी हात जोडणं सोडून दिलं, पुढं घरातल्या देवापुढंही. लोक पुस्तकं वाचून नास्तिक होतात, कोणाला मोठं दुःख होतं म्हणून होतात. मी जळून झाले. ज्या दुकानात माझ्या नावाचं खातं नव्हतं, त्या दुकानावर मी बहिष्कार घातला, एवढाच माझा विचार होता. पुढं शिक्षिका झाल्यावर मी वर्गात विज्ञानाच्या गोष्टी चांगल्या सांगायची, मुलं मला मोठी विवेकी बाई समजायची, आणि मी त्यांना तसं समजू दिलं.

परवा माझ्याबरोबर नोकरी केलेल्या एक बाई भेटल्या. म्हणाल्या, “वय झालं की देवाधर्मातलं खरं-खोटं माणसाला आपोआप कळायला लागतं, नाही?” त्या शब्दाशी माझं जुनं वैर आहे हे त्यांना काय ठाऊक. मी हो म्हटलं आणि घरी येऊन आमच्याच माणसांचा विचार करत बसले. अण्णा, तरणेपणी सगळ्यांना हसणारे, गुडघे धरले तसे एकेका बाबाच्या नादी लागले. बसवकल्याणच्या बाजूला कोणी एक बुवा होता, त्याच्याकडून ते अंगारा आणायचे आणि घरादारात वाटायचे. वर्तमानपत्र खाटेखाली घडी न मोडता पडून राहायचं. पिराजी उदगीरला कॉलेजात गेला, तिथून येऊन त्यानं हिरवा सदरा म्हशीचं अंग पुसायला घेतला, मायसमोर पिराची टिंगल केली. आणि पुढं गुलबर्ग्याला नोकरी लागून बढती अडकली तशी त्याच्या बोटांत अंगठ्या वाढत गेल्या. आणि माय, जिनं पिराशिवाय श्वास घेतला नव्हता, ती उतारवयात थंड झाली. मोहरम आला तरी घरात बसून तुरी निवडायची. कोणी विचारलं तर म्हणायची, “लई मागून झालं. आता काय मागायचं? मागून आणलेलं लेकरूबी गुलबर्ग्याला जातंयच की.” आमच्या घरात शहाणपण वाढलं म्हणावं तर कोणाचं? नुसत्या जागा बदलल्या. मायचं हे थंड होणं मला मात्र फार आवडलं होतं. तिनं पिराजीचा पीर सोडला म्हणजे थोडा पिराजीही सोडला, असा माझा हिशेब.

मग माझ्या पोटात गाठ निघाली. मी औरादच्या शाळेत होते तेव्हा, लग्न होऊन दोन मुलं झाल्यावर. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ कसली आहे ते काढल्यावर कळेल. गुलबर्ग्याला ऑपरेशन ठरलं. माझे यजमान आले, पिराजी तर तिथंच होता, तो रजा काढून रोज डबा घेऊन यायचा. अण्णांनी अंगारा पाठवला. पण अण्णा तोवर म्हशीला तडस लागली तरी अंगारा पाठवायचे, त्यामुळं त्याचं मला काही वाटलं नाही. माय आली नाही. निरोप आला, “मला यायला जमत न्हाई.”

जमत नाही! पिराजीच्या गोवरात जेवायला न उठलेली बाई. दवाखान्याच्या खाटेवर पडून मी छताकडं बघत ते एक वाक्य चघळत राहिले. मरणाची भीती मला वाटत होती, पण तिच्याहूनही जास्त वाटत होता तो हेवा, आणि तोही समोर डबा उघडून बसलेल्या, माझ्यासाठी पळापळ करणाऱ्या भावाचा. त्यानं वरणभात कालवून पुढं केला की मला वाटे, याला टाके पडले असते तर माय उलट्या पायी धावत आली असती. आपोआप आलेली आपोआप जाईल, असं तिला वाटत असणार. हे मी यजमानांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “काहीतरीच काय.” पुरुषांना अशा वेळी दुसरं काही सुचत नाही.

गाठ साधी निघाली. सुट्टी मिळाल्यावर विश्रांतीला म्हणून पिराजी मला जीपमधून गावी घेऊन गेला. श्रावण सुरू होता, वाटेवर चिखल, शिवारात मुगाचा हिरवागार रंग. माय दारात उभी होती. मी तिच्याकडं नीट पाहिलंही नाही. पाहिले ते पाय. तळवे फाटलेले, एका टाचेला चिंधी बांधलेली. “पायाला काय झालं?” मी विचारलं. “काटा गेलाय,” ती म्हणाली. मला खाटेवर टेकवून तिनं उतरंडीतून एक डबा काढला आणि त्यातलं काहीतरी माझ्या तोंडात कोंबलं. गोड होतं, वाळून खडखडीत झालं होतं. “काय हे शिळं,” मी कुरकुरले. “औषध समज आन खा,” ती म्हणाली आणि घागर घेऊन पाण्याला गेली.

ती गेली आणि काठी टेकत धुरपाक्का आली. पार म्हातारी झाली होती, पण जीभ तशीच होती. पिराजी माझ्या खाटेजवळ बसून मला मोसंबी सोलून देत होता.

“कशी हायस गोदे?” धुरपाक्का उंबऱ्यात बसत म्हणाली. “तू तिकडं पडलेली आन तुझ्या मायनं इकडं आम्हाला येड लावलंतं. मोहरमात एका सकाळी बघते तर दारात फकीर उभा. डोक्याला हिरवं फडकं, गळ्यात नाडा, अनवाणी, चिखलात. मी म्हटलं, अगं, तूच म्हणायचीस ना आता पिराचं सोडलं म्हणून? ह्या वयात हे काय काढलंस? लेकीकडं जायाचं सोडून हिकडं कामून फिरायलीस? तर म्हणे, तिकडं जाऊन मी काय करू, मला सुई-दोरा येतोय व्हय? मला हेच येतंय. आन नाडा बांधलाय, आता शीव ओलांडता येत न्हाई.”

पिराजीचा हात मोसंबीवर थांबला. मी उठून बसले. टाके ओढले, तरी बसले.

“मंग?”

“मंग काय. इचारायचा नेम, इचारलं. कोणाच्या नावानं?”

“काय म्हटली?”

“गोदीच्या, म्हटली.”

“अजून काय म्हटली?”

धुरपाक्कानं कपाळाला आठ्या घालून आठवलं. “मी पीठ घातलं, गूळ घातला. तर झोळी मिटंना. म्हटली, गूळ आणिक एक खडा घाल. मागच्या खेपंचा हिचा राहिलाय.”

माझी गाठ पिरानं काढली असं मला त्या दिवशीही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ती डॉक्टरांनी काढली. पण माझी माय म्हातारपणी शहाणी झाली होती आणि माझ्या भीतीनं ते सगळं शहाणपण तिनं टाकून दिलं, याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या रिपोर्टचाही झाला नव्हता. तोंडात त्या वाळक्या मलिद्याची चव अजून होती. मी जीभ दातांवरून फिरवून ती पुन्हा पुन्हा घेतली.

धुरपाक्का गेली. पिराजी बोटातली अंगठी फिरवत होता. मग खाली बघत म्हणाला, “माझ्यासाठी माय स्वतः झोळी घेऊन कधी फिरली न्हाई, व्हय ना अक्का?”

“न्हाई,” मी म्हटलं. “तुझ्यासाठी मी फिरले होते.”

त्याचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी तो तसा उतरलेला पहिल्यांदाच पाहत होते. त्यानं सोललेली मोसंबी माझ्या हातात ठेवली, आणि मी ती त्याच्यासमोर बसून सगळी खाल्ली, त्याला एक फोडसुद्धा दिली नाही.